अंगणातील जुन्या लाकडी बाकाची दुरुस्ती आणि हाताने रंगकाम : बडोद्याच्या हवेत टिकणारी पद्धत

बडोद्यातील दांडियाबाजार, रावपुरा या भागांतील जुन्या मराठी घरांच्या मागील अंगणात किंवा गच्चीच्या कोपऱ्यात सागवानी बाक, हातांची खुर्ची, एखादी तिवई किंवा झोपाळ्याची पाटी हमखास सापडते. रंगाचे पोपडे सुटलेले असतात, पाय खालून काळे पडलेले असतात आणि बसताच सांधे कुरकुरतात. तरीही असे सामान भंगारात देण्याची घाई करू नये. जुन्या सागाच्या फळीत गाभ्याचे प्रमाण मोठे असते आणि पाण्याला व किडीला तोंड देणारी तेले त्या गाभ्यातच असतात. आज बाजारात मिळणाऱ्या कोवळ्या लागवडीच्या सागात गाभा कमी आणि बाहेरचे फिकट, लवकर कुजणारे लाकूड अधिक असते. चाळीस-पन्नास वर्षांचा बाक वरून कितीही राखाडी दिसत असला तरी दोन-तीन मिलिमीटर खाली लाकूड बहुधा धडधाकट निघते. तो राखाडी थर म्हणजे उन्हाने लाकडातील तंतू बांधून ठेवणारे द्रव्य उडवून लावल्याची खूण आहे. ते कुजणे नव्हे.

या लेखात बाकाच्या दुरुस्तीपासून पाठीवरील नक्षीपर्यंतचे सर्व टप्पे क्रमाने दिले आहेत. मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. बाहेर ठेवलेल्या लाकडाचे आयुष्य डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी ठरते: पायांचे तळ, फळ्यांची कापलेली टोके, बैठकीची खालची बाजू आणि सांध्यांच्या आतल्या कडा. लाकडातील सूक्ष्म नळ्या लांबीच्या दिशेने जातात, त्यामुळे कापलेले टोक फळीच्या सपाट अंगापेक्षा कितीतरी वेगाने पाणी ओढते. पाठीवर सुरेख वेल रंगवला आणि पायांचे तळ कोरे राहिले, तर दोन पावसाळ्यांत पाणी आतून चढते आणि वेलीखालचा रंगच उचलला जातो.

काम केव्हा हाती घ्यावे

बडोद्यात पाऊस साधारणपणे जूनच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर ओसरतो. पण लाकडातील ओल त्याबरोबर जात नाही. दसऱ्याच्या सुमारास सामान आडोशाला आणून उघडे ठेवावे, दुरुस्ती तेव्हापासून करावी आणि रंगाचे काम दिवाळीनंतर सुरू करावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. या दिवसांत पहाटे दव पडते, म्हणून उघड्यावर काम करणाऱ्याने सकाळी दहाच्या आत ब्रश हातात घेऊ नये आणि दुपारी साडेतीन-चारनंतर नवा हात देऊ नये. संध्याकाळी दिलेल्या तेलरंगावर रात्री दव बसले की त्याची चकाकी जाते आणि तो पांढुरका पडतो. उत्तरायणाचे दोन दिवस, म्हणजे १४ आणि १५ जानेवारी, गच्चीवर ओला रंग ठेवू नये, कारण त्या दिवसांत पतंग उडवणाऱ्यांमुळे बडोद्याची कोणतीही गच्ची मोकळी नसते. एप्रिल-मेमध्ये उन्हात तापलेल्या लाकडावर रंगाचा वरचा पापुद्रा आधी सुकतो आणि आत अडकलेली टर्पेंटाइनची वाफ फोड आणते. त्या दिवसांत काम करायचेच झाले तर पूर्ण सावलीत करावे.

ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात अनेक घरांतील लाकडी सामान चिखलात बुडाले. असे सामान आधी स्वच्छ पाण्याने धुऊन खोबणींतील गाळ काढावा आणि वारा खेळेल अशा सावलीत निदान महिना-दीड महिना वाळवावे. घाईने कडक उन्हात ठेवल्यास बाहेरचे लाकूड आधी आकसते आणि फळीला लांब भेगा जातात. वाळल्याची खात्री करण्याचा सोपा मार्ग असा की, बाकाची एखादी सुटी पट्टी स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर आठवड्यातून एकदा तोलावी. सलग दोन-तीन वेळा वजन तेच भरले की लाकडाने हवेशी मेळ साधला असे समजावे.

तपासणी आणि एक सावधगिरी

बाक उलटा करून चांगल्या उजेडात ठेवावा आणि हातात दाभण घ्यावे. पायांच्या तळाशी, बैठकीच्या पट्ट्यांच्या टोकांना आणि प्रत्येक सांध्याजवळ दाभणाचे टोक बेताने दाबावे. सशक्त सागात ते टोचून थांबते आणि ओढताना किंचित अडते. कुजलेल्या लाकडात ते आवाज न करता आत जाते आणि बाहेर येताना ओलसर, तपकिरी भुसा घेऊन येते. अशा प्रत्येक जागेवर खडूने खूण करावी. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. टाचणीच्या डोक्याएवढी भोके आणि त्यांखाली पिठासारखी पूड दिसली तर लाकूड पोखरणारा भुंगा आहे. जुनी भोके काळपट असतात, ताज्या भोकाची कड स्वच्छ असते आणि पूड फिकट असते. झोपाळा असेल तर कड्या, साखळ्या आणि त्या जिथे पाटीत शिरतात ती जागा सर्वांत आधी पाहावी. तिथे भेग असेल तर ती भरून भागवू नये. तो भाग सुताराकडून बदलून घ्यावा, कारण त्यावर माणसाचा भार येतो.

आता सावधगिरी. बडोद्याच्या घरांत संखेड्याचे सामानही असते आणि पुष्कळदा तेच जुने झाले म्हणून ओट्यावर किंवा अंगणात काढून ठेवलेले असते. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवरील संखेड्याचे खरादी कारागीर चरकावर कातलेल्या सागवानी दांड्यांवर कथलाची पूड घालून नक्षी काढतात, तिच्यावर लाखेचा थर चढवतात आणि अकीक दगडाने घोटून चकाकी आणतात. त्या लाखेखाली रुपेरी कथील सोनेरी दिसू लागते. हे सामान पॉलिश पेपरने घासले की ती नक्षी कायमची जाते आणि ती घरी पुन्हा करता येत नाही. म्हणून कातीव पायांचा, लालसर-सोनेरी रंगाचा तुकडा हाती आला तर त्याला या लेखातील पद्धत लावू नये. तो कोरड्या मऊ फडक्याने पुसून घरात न्यावा, कारण लाख ऊन आणि पाणी दोन्ही सोसत नाही, आणि दुरुस्तीसाठी खरादी कारागिरालाच दाखवावा.

जुना रंग काढणे

भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून अधिक नसावे असा नियम २०१६ मध्ये झाला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, विशेषतः जुन्या पिवळ्या, केशरी, लाल आणि हिरव्या तेलरंगात, शिसे असू शकते. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते, म्हणून जुना रंग कोरडा घासणे आणि गॅसच्या ज्योतीने जाळणे या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. रंगावर पाणी फवारावे, पत्र्याच्या खरवडणीने तंतूंच्या दिशेने पोपडे काढावेत आणि उरलेल्या भागावर पाण्यात चालणारा पॉलिश पेपर ओला करून फिरवावा. खाली जाड प्लास्टिक अंथरावे, तोंडाला एन-९५ मास्क लावावा, पोपडे पिशवीत बांधून वेगळे ठेवावेत आणि कामाचे कपडे घरच्या इतर कपड्यांबरोबर धुऊ नयेत. गर्भवती स्त्रिया व मुले यांना या टप्प्यापासून पूर्ण दूर ठेवावे.

घट्ट बसलेला रंग काढण्यासाठी बाजारात पेंट रिमूव्हर मिळतो. तो उघड्या हवेतच, रबरी हातमोजे घालून वापरावा. जाड थर देऊन रंग सुरकुतेपर्यंत थांबावे आणि मग खरवडावे. काही कारागीर कॉस्टिक सोडा वापरतात. तो स्वस्त आणि जलद आहे, पण सागाला काळपट करतो, तंतू सैल करतो आणि त्याचा अंश लाकडात राहिला तर वरचा तेलरंग काही महिन्यांत मऊ पडून सुटतो. चांगल्या बाकासाठी मी तो सुचवणार नाही.

सगळाच जुना रंग काढणे आवश्यक नसते. जो थर नखाने उचलत नाही आणि ज्यावर चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढली तरी तुकडा निघत नाही, तो नव्या रंगाला चांगला आधार देतो. त्याची चकाकी मोडण्यापुरता ओला घासून तो तसाच ठेवावा.

धुणे, डाग आणि कीड

रंग निघाल्यावर कपडे धुण्याच्या सौम्य साबणाच्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने सर्व भाग धुवावा. तारेचा ब्रश वापरू नये. त्याच्या तारांचे तुकडे लाकडात अडकतात आणि पुढे प्रत्येक तुकड्याभोवती काळा ठिपका उमटतो. लोखंडी खिळ्यांभोवतीचे जुने काळे डाग लोह आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने झालेले असतात. ते साबणाने जात नाहीत. एक लिटर गरम पाण्यात सुमारे ५० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विरघळवून ते डागावर लावावे, वीस-पंचवीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवावे आणि गरज पडल्यास पुन्हा लावावे. हे द्रव्य विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा लावावा आणि ते वाळल्यावर उरलेली पूड कोरडी झाडू नये. ज्या भागावर अपारदर्शक रंगच द्यायचा आहे तिथे हा खटाटोप लागत नाही, पण खिळा मात्र काढलाच पाहिजे.

किडीसाठी ६० ग्रॅम टाकणखार आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर एक लिटर गरम पाण्यात विरघळवून ते द्रावण कोरड्या, रंगविरहित लाकडावर दोन-तीन वेळा ब्रशने लावावे आणि भोकांत इंजेक्शनच्या सिरिंजने सोडावे. ही द्रव्ये ओलीबरोबर आत शिरतात; पण पावसाने धुऊनही जातात, म्हणून त्यांच्यावर रंगाचा अखंड थर येणे आवश्यक आहे. रॉकेल चोळण्याची जुनी सवय सोडावी, कारण त्याचा तेलकटपणा प्राइमरला धरू देत नाही आणि आगीचा धोका वेगळाच. या द्रावणानंतर लाकूड पुन्हा आठवडाभर वाळवावे.

सांधे आणि कुजलेले भाग

जुन्या बाकांत एका लाकडाचे निमुळते टोक दुसऱ्याच्या खोबणीत बसवून आडवी लाकडी खुंटी ठोकलेली असते. सांधा हलत असेल तर वरून खिळा मारणे ही सर्वांत वाईट दुरुस्ती होय. खिळा लाकूड चिरतो, गंजतो आणि पुढच्या दुरुस्तीची वाट बंद करतो. खुंटी मागच्या बाजूने ठोकून बाहेर काढावी, सांधा रबरी हातोडीने सैल करावा आणि आतला जुना सरस कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ करून पटाशीने खरवडावा. सरस हा जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला, पाण्यात विरघळणारा गोंद असल्याने अंगणातील बाकात तो पुन्हा वापरू नये. नेहमीचा पांढरा फेव्हिकॉलही सततच्या ओलीत टिकत नाही. त्याचा मरीन प्रकार किंवा दोन नळ्यांतून मिळणारा इपॉक्सी घ्यावा. टोक खोबणीत सैल बसत असेल तर त्याला सागाची पातळ चकती चिकटवून जाडी भरून काढावी. गोंद दोन्ही अंगांना लावून सांधा बसवावा, शिकंजाने किंवा दोरीला काठीचा पीळ देऊन आवळावा आणि आवळण्याआधी बाक सपाट फरशीवर चारी पायांवर उभा राहतो की नाही हे पाहावे. गोंद सुकल्यावर डुगडुगणारा पाय कापून बरोबर करणे कष्टाचे असते.

स्क्रू लागतील तिथे पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे वापरावेत. साग चिवट असला तरी कडेजवळ फाटतो, म्हणून आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडावे आणि पितळी स्क्रूला मेण लावावे. जुना पितळी स्क्रू निघत नसेल तर त्याच्या डोक्याची खाच टोकदार सुईने साफ करून त्यावर तापलेला सोल्डरिंग आयर्न मिनिटभर टेकवावा. उष्णतेने स्क्रू किंचित प्रसरण पावतो, निवताना आकसतो आणि पकड सुटते.

दाभण पाच-सहा मिलिमीटरहून खोल गेलेली जागा सशक्त लाकूड लागेपर्यंत पटाशीने कोरावी. लहान खळगा इपॉक्सी लांबीने, म्हणजे खळगे भरण्याच्या लगद्याने, भरता येतो. पायाचा तळच गेला असेल तर भराव टिकत नाही. तिथे तिरका काप घेऊन त्याच जातीच्या लाकडाचा जोड द्यावा आणि कापाची लांबी पायाच्या जाडीच्या निदान सहापट ठेवावी, म्हणजे गोंदाला पुरेसे अंग मिळते. जोडासाठी जुन्या चौकटींचे लाकूड सुताराकडे मिळते आणि ते नव्या सागापेक्षा चांगले.

घासणे, लांबी, प्राइमर

येथून उघड्या लाकडावरचे काम कोरडे चालते. ८० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने राखाडी थर काढावा, मग १२० आणि शेवटी १८० वापरावा. त्याहून बारीक घासल्यास लाकूड इतके गुळगुळीत होते की प्राइमरची पकड कमी होते. घासणे नेहमी तंतूंच्या दिशेने असावे. फळ्यांच्या धारदार कडा हलक्या गोल कराव्यात. रंग धारेवरून ओघळून पातळ होतो आणि बाकाचा रंग पहिल्यांदा तिथेच फुटतो.

सागातील नैसर्गिक तेल रंगाला अडवते. प्राइमर देण्याच्या लगेच आधी स्वच्छ फडके थिनरमध्ये भिजवून सर्व भाग पुसावा, फडके पिवळे होईनासे होईपर्यंत फडकी बदलावीत आणि थिनर उडून जाताच प्राइमर सुरू करावा. दुसऱ्या दिवशी प्राइमर द्यायचा असेल तर पुसणे पुन्हा करावे, कारण आतले तेल रात्रीतून वर येते.

प्राइमरची सुरुवात न दिसणाऱ्या भागांपासून करावी. बाक उलटा ठेवून पायांच्या तळांवर पातळ केलेला प्राइमर लावावा, तो शोषला गेला की पुन्हा लावावा, आणि तळ पिणे थांबवेपर्यंत हे करीत राहावे. पट्ट्यांची टोके, स्क्रूची भोके आणि सांध्यांच्या फटी यांनाही हाच न्याय. नंतर सर्व भागांवर १० ते १५ टक्के टर्पेंटाइन घातलेल्या वुड प्राइमरचा पहिला हात द्यावा. तो सुकला की जे खळगे आधी दिसत नव्हते ते स्पष्ट होतात, म्हणून लांबी प्राइमरनंतर भरावी. खडूची पूड आणि बेलतेल (जवसाचे तेल) मळून केलेली लांबी आतल्या दारा-खिडक्यांना चांगली. अंगणात ठेवायच्या बाकाला तयार वुड फिलर किंवा इपॉक्सी लांबी घ्यावी. भिंतीची पांढरी पुट्टी मुळीच वापरू नये, कारण लाकडाच्या हालचालीबरोबर ती तडकते. लांबी २२० ने घासून दुसरा हात प्राइमरचा द्यावा. बेलतेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ते सुकताना स्वतःच तापते आणि पेट घेऊ शकते. असे फडके उघडे पसरून वाळवावे आणि मगच टाकावे.

आधाराचा रंग

जुनी माणसे स्पिरिट पॉलिश सुचवतात. ते दिवाणखान्यात अतिशय शोभते, पण त्यातील लाख पाणी पडताच पांढरी होते, म्हणून अंगणासाठी ते बाद. उरतात तेलरंग आणि बाहेरच्या वापराचे ॲक्रिलिक. तेलरंगाचा थर कठीण, चमकदार आणि स्वस्त असतो. झोपाळ्याची पाटी आणि खुर्चीचे हात, जिथे सतत घर्षण होते, तिथे तो योग्य. मात्र वर्षे लोटली की तो ठिसूळ होतो आणि पांढरा रंग पिवळसर पडतो. ॲक्रिलिक लवचीक राहते, लाकूड फुगले-आकसले तरी त्याच्याबरोबर हलते आणि त्यावर नक्षी सहज बसते. हाताने रंगवायच्या बाकासाठी माझी पसंती ॲक्रिलिकला आहे.

रंगछटा ठरवताना उन्हाचा विचार करावा. गडद निळा, काळा किंवा गडद हिरवा बाक मे महिन्याच्या दुपारी बसवणार नाही इतका तापतो आणि त्याच्या सांध्यांतील हालचालही वाढते. हस्तिदंती, फिकट शेवाळी, निळसर राखाडी, मातकट पिवळा हे रंग येथील उजेडात निवांत दिसतात आणि धूळही कमी दाखवतात. तीन माणसांच्या बाकाला एक लिटर प्राइमर आणि एक लिटर रंग सहसा पुरतो. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमी चांगले. दोहोंच्या मध्ये ३२० क्रमांकाचा पेपर हलका फिरवून ओल्या फडक्याने धूळ टिपावी.

नक्षी

नक्षी कुठे काढावी हे आधी ठरवावे. बैठकीवर माणसे बसतात आणि तिथला रंग सर्वांत आधी झिजतो, म्हणून बैठक एकरंगी ठेवावी. पाठीची वरची पट्टी, बैठकीखालची समोरची पट्टी आणि हातांच्या बाहेरील बाजू या नक्षीच्या जागा आहेत. विषय निवडतानाही विवेक हवा. छोटाउदेपूरकडील राठवा समाजाची पिठोरा चित्रे आज सर्वत्र उचलली जातात. परंतु ते भिंतीवर विधिपूर्वक काढले जाणारे देवाचे चित्र आहे, ते बसण्याच्या वस्तूवर काढणे मला योग्य वाटत नाही. देवदेवतांच्या आकृतींबाबतही तेच. वेल, कुयरी, कमळ, पोपट, ठिपक्यांच्या रांगोळीतील आकृती यांचे भांडार अपुरे नाही. रावपुऱ्यातील तांबेकर वाड्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातील चित्रे आहेत. तिथे आकृत्यांपेक्षा त्यांच्याभोवतीच्या किनारी आणि फुलांची मांडणी निरखून पाहावी. सयाजीबागेत, म्हणजे आपल्या कमाटीबागेत, बसून खऱ्या पानांची रेखाटने केली तर वेलीतील पान छापील दिसत नाही.

रंग निवडताना उन्हात टिकणारी रंगद्रव्ये घ्यावीत. पिवळी माती, गेरू, तांबडा व तपकिरी लोहभस्म, अल्ट्रामरीन निळा आणि थॅलो हिरवा ही द्रव्ये भरवशाची आहेत. चमकणारे गुलाबी आणि फ्लुओरोसंट रंग पहिल्याच उन्हाळ्यात फिके पडतात. आधार तेलरंगाचा असेल तर तो निदान आठवडाभर पूर्ण सुकू द्यावा आणि ४०० क्रमांकाने त्याची चकाकी मोडावी, नाहीतर ॲक्रिलिकचे थेंब त्यावर गोळा होऊन राहतात.

आकृती उतरवण्यासाठी खाका ही जुनी पद्धत आजही सर्वांत सोयीची आहे. बटर पेपरवर वेल काढावा, कागद घडी घातलेल्या चादरीवर ठेवावा आणि रेषेवर दोन-दोन मिलिमीटरवर सुईने भोके पाडावीत. मलमलीच्या पुरचुंडीत कोळशाची वस्त्रगाळ पूड बांधावी. आधार गडद असेल तर खडूची. कागद पाठीच्या मध्यापासून उजवीकडे चिकटवून पुरचुंडी हलकेच ठोकावी, चोळू नये. कागद उचलला की ठिपक्यांचा वेल दिसतो. तोच कागद उलटा करून डावीकडे ठेवला की दुसरी बाजू आपोआप आरशासारखी जुळते. जादा पूड फुंकून टाकावी, नाहीतर ती फिकट रंगात मिसळून तो मळका करते.

आता हात. रंग कढीइतका सैल करावा. जाड रंगाची रेघ मध्येच तुटते आणि फार पातळ रंग ठिपक्यांच्या पुढे पसरतो. चार क्रमांकाचा गोल ब्रश दोन-तृतीयांश बुडवावा आणि ताटलीवर फिरवून त्याचे टोक जुळवावे. करंगळी लाकडावर टेकवावी. पान काढताना ब्रशचे टोक लावून लगेच पोट दाबावे, म्हणजे केस पसरून पानाचा रुंद भाग उमटतो. मग हात आपल्याकडे ओढत दाब हळूहळू कमी करावा आणि शेवटी ब्रश दोन बोटांत किंचित फिरवून उचलावा, म्हणजे पानाचे टोक टोकदार होते. पान हे एकाच फटकाऱ्याचे असते. दुसऱ्यांदा डागडुजी केली की त्यातील ओघ जातो. फटकारा बिघडला तर ओल्या फडक्याने तत्काळ पुसून पुन्हा काढावा, सुकलेला आधार ते सहन करतो. बाकावर हात घालण्यापूर्वी त्याच रंगाने रंगवलेल्या फळीच्या तुकड्यावर सराव करावा, आणि सराव कागदावर करू नये, कारण कागद रंग पितो आणि लाकडावरचा अंदाज येत नाही.

लांब देठ काढताना हात थरथरत असेल तर पाट्या रंगवणारे पेंटर वापरतात तशी, टोकाला कापडाची गुंडी बांधलेली काठी डाव्या हाताने कोरड्या भागावर टेकवून उजवे मनगट तिच्यावर ठेवावे. क्रम असा असावा की आधी देठ, मग मोठी पाने, मग फुलांचे सपाट आकार. ते सुकल्यावर एका बाजूने फिकट छटा, नंतर दोन क्रमांकाच्या ब्रशने शिरा आणि किनार, आणि अखेरीस ब्रशच्या दांड्याच्या मागच्या टोकाने ठिपके. प्रत्येक पानाची उजेडाची बाजू एकच ठेवावी. रंगांची संख्या चार-पाचवर थांबवली की दुरून नक्षी एकसंध दिसते.

वरचे कवच

नक्षी दोन दिवस सुकल्यावर बाहेरच्या वापराचे, अतिनील किरण अडवणारे पारदर्शक वार्निश द्यावे. पाण्यातील वार्निश रंग बदलत नाही. थिनरमधील पॉलियुरेथेन अधिक कणखर असले तरी पिवळसर झाक देते, त्याखाली निळा हिरवट दिसतो आणि नुकत्या दिलेल्या तेलरंगाला ते सुरकुत्याही पाडू शकते. म्हणून सरावाच्या फळीवर आधी एक हात देऊन दुसऱ्या दिवशी पाहावे. दोन घटक मिसळून होणारे पॉलियुरेथेन घरी फवारू नये. त्याची वाफ श्वसनमार्गाला घातक असते. डबा हलवू नये, सावकाश ढवळावा, कारण हलवल्याने आलेले बुडबुडे थरात राहतात. तीन पातळ हात पुरेत आणि प्रत्येक हाताची सुरुवात पुन्हा पायांचे तळ व पट्ट्यांची टोके यांपासून करावी. स्पर्शाला कोरडा झाला तरी बाक आठवडाभर वापरू नये.

मांडणी आणि देखभाल

बाक मातीवर किंवा हिरवळीवर थेट ठेवू नये. प्रत्येक पायाखाली कडाप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा आणि त्यावर जाड रबराची चकती ठेवावी, म्हणजे पावसाचे पाणी तळाशी साचत नाही आणि वाळवीला जमिनीतून सरळ वाट मिळत नाही. पावसाळ्यात बाक ओट्यावर किंवा पडवीत हलवावा. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळल्यास आत घाम धरतो, बुरशी येते आणि रंग पांढरा पडतो. झाकायचेच असेल तर ताडपत्री वरून टाकून बाजू मोकळ्या ठेवाव्यात. कुंड्या बाकावर ठेवू नयेत, त्यांच्या तळाची ओल वर्तुळाकार डाग पाडते.

मे महिन्यात, पावसाच्या आधी, बाक एकदा उलटा करून तळ आणि टोके पाहावीत. बोटाला खडबडीत किंवा कोरडे लागले तर तेवढ्या भागावर वार्निशचा हात द्यावा. दसऱ्यानंतर साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, ४०० ने हलके घासून पूर्ण बाकावर एक हात द्यावा. कुठे टवका उडून लाकूड उघडे पडले तर वर्षाच्या फेरीची वाट पाहू नये: कडा घासून उतरत्या कराव्यात, उघड्या लाकडाला थिनरने पुसून प्राइमरचा ठिपका द्यावा, आधाराचा रंग दोनदा लावावा आणि पाकळीचा तुटलेला भाग जुन्या खाक्यावरून पुन्हा उतरवून भरावा. यासाठी खाक्याचा कागद आणि उरलेले रंग लहान बाटल्यांत, वर रंगाचे नाव व क्रमांक लिहून, जपून ठेवावेत.